तासिका, पेपर आणि सुप्याचे कर्जरोखे

1867 साली पुण्यात नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या, कॉलेजात शिकणाऱ्या तरुणानं एक निबंध वाचून दाखवला. निबंध ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर टीका करणारा होता. डफ 1818 ते 1822 या काळात साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी होता. त्याचा तीन खंडांचा इतिहास 1826 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि कॅप्टन डेव्हिड केपन यानं केलेलं त्याचं मराठी रूप ‘मराठ्यांची बखर’ या नावानं आपल्या शाळांत शिकवलं जाऊ लागलं. म्हणजे कीर्तने ज्या ग्रंथावर बोलत होते, त्यावर त्यांच्या पिढीची पोरं शिकत होती. आपल्या बखरी आणि जुने कागद समोर ठेवून त्यांनी डफची विधानं तपासली. निबंध पुढच्या वर्षी छापला गेला. मराठ्यांच्या इतिहासाचं स्वतंत्र संशोधन सुरू झालं ते तिथून, असं पुढच्या अभ्यासकांनी मानलं.

मी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. दर जूनमध्ये वार्षिक नियोजनाचा तक्ता भरायला बसले की कीर्तन्यांची आठवण हटकून येते. ते विद्यार्थी होते, पुस्तक सरकारमान्य होतं, आणि तरी त्यांनी त्याला पुरावा मागितला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना हे करता यावं, यासाठीच शाळेच्या शेवटची ही दोन वर्षं असतात, असं माझं पक्कं मत आहे. त्याआधी गोष्ट कळावी लागते, सनावळी लागते, नकाशा लागतो. पण अकरावी-बारावीत पुरावा हातात द्यायला हवा. आपल्याकडे अभ्यासक्रम आखणाऱ्या माणसांच्या मनात ही गोष्ट आलीच नाही, असं अजिबात नाही. ती पुन्हा पुन्हा आली. दर वेळी तासिका किती, पेपर कसा आणि पुस्तक कोणत्या भाषेत, या तीन गोष्टींपाशी ती अडली. या तीन गोष्टी बहुतेक वेळा दुसऱ्याच समित्या ठरवतात.

पेपरचं वर्चस्व जुनं आहे. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झालं आणि 1859 मध्ये पहिली मॅट्रिक झाली. न्यायमूर्ती रानडे त्याच पहिल्या मॅट्रिकचे. ही खरं तर विद्यापीठात शिरण्याची परीक्षा. पण विद्यापीठ ज्या विषयात ज्या पद्धतीचा प्रश्न विचारी, त्याच पद्धतीनं हायस्कुलं शिकवू लागली. हायस्कूलचा स्वतःचा असा हेतू उरला नाही. इंग्लंडचा इतिहास, हिंदुस्थानचा इतिहास, भूगोल हे सगळं मुलं घोकत होती, कारण पुढचं दार त्यावर उघडत होतं.

त्याच काळात महात्मा फुल्यांनी अगदी वेगळ्या बाजूनं विचार केला होता. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. त्याचा भर प्राथमिक शिक्षणावर होता, आणि त्यात अभ्यासक्रमाचा एक आराखडाच आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, सर्वसाधारण इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य यांचे काही धडे. खेड्यातल्या शाळेचा अभ्यास शहरातल्यापेक्षा वेगळा असायला हरकत नाही, हेही त्यांनी मांडलं. मोडी का? कारण शेतकऱ्याचं कर्ज, गहाण, खरेदीखत सगळं मोडीत असे, आणि ज्याला मोडी येत नाही तो कशावर अंगठा उठवतोय हे त्याला कळत नसे. माझ्या दृष्टीनं हा महाराष्ट्रातल्या सामाजिक शास्त्रांच्या नियोजनातला सर्वांत मोलाचा कागद आहे. मुलाला उद्या कोणता कागद वाचावा लागणार आहे, इथून फुले सुरुवात करतात.

बडोद्याची एक हकिगतही सांगायला हवी. गोविंद सखाराम सरदेसाई 1889 मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत गेले. राजपुत्रांना इतिहास शिकवण्याचं काम त्यांच्याकडे आलं, आणि शिकवण्यासाठी केलेल्या टिपणांतून 1898 मध्ये ‘मुसलमानी रियासत’ उभी राहिली. पुढची सगळी मराठी रियासत त्या वाटेवरची. शिकवण्याच्या गरजेतून इतका मोठा ग्रंथ निघाल्याचं दुसरं उदाहरण मराठीत मला माहीत नाही. सरदेसायांना नेमून दिलेलं पुस्तक नव्हतं, वर्षअखेरीचा पेपर नव्हता, आणि वेळ होता. आमच्यापैकी कोणालाही हे तिन्ही एकदम मिळत नाही, पण शिक्षकानं स्वतः साधनं धुंडाळली की काय होतं, ते त्यात दिसतं.

स्वातंत्र्यानंतर ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालच्या माध्यमिक शिक्षण आयोगानं, 1952-53 मध्ये, इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकत्र गुंफून ‘सामाजिक अभ्यास’ हा सर्वांना सक्तीचा विषय असावा असं सुचवलं. ही कल्पना अमेरिकेतली. तिथे 1916 मध्ये राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या समितीनं ती मांडली आणि हायस्कूलच्या शेवटच्या वर्षासाठी ‘लोकशाहीपुढचे प्रश्न’ असा एक विषयच सुचवला होता. आपल्याकडे नाव आलं, गुंफण फारशी आली नाही. एका पुठ्ठ्यात तीन पुस्तकं बांधली गेली, किंवा तीही वेगळीच राहिली.

खरा बदल कोठारी आयोगानं केला. 1964 मध्ये नेमलेल्या या आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी, आणि सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, खेड्यातली शाळा त्यांनी आतून पाहिली होती. आयोगाच्या प्रचंड अहवालामागे नाईकांचे कष्ट किती होते, हे त्या काळच्या सगळ्यांनी नोंदवून ठेवलंय. 1966 च्या त्या अहवालातून दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. दहा वर्षं सर्वांना समान शिक्षण, आणि मग दोन वर्षं विषयात खोल उतरण्याची. या ‘अधिक दोन’चं वजन लोकांना अजून पुरतं कळलेलं नाही. कोठारी आयोगाच्या मनात ही वर्षं शाळेची होती. विद्यार्थ्यानं इथे निवडलेल्या विषयाची पद्धत शिकायची, म्हणजे इतिहासकार काय करतो, राज्यशास्त्राचा अभ्यासक काय करतो, हे शिकायचं.

महाराष्ट्रात 1975 मध्ये नव्या आकृतिबंधातली पहिली दहावीची परीक्षा झाली. 1 जानेवारी 1966 पासून काम करणाऱ्या माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नावात 1976 मध्ये ‘उच्च माध्यमिक’ हे शब्द जोडले गेले. आणि आपण एक वेगळीच संस्था जन्माला घातली, ती म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय. काही ठिकाणी ते शाळेला जोडलेलं, काही ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयाला. शाळेला जोडलेल्या ठिकाणी गृहपाठ, पालकसभा, वह्या तपासणं सुरू राहिलं. वरिष्ठ महाविद्यालयाला जोडलेल्या ठिकाणी पंधरा वर्षांच्या मुलाला एकदम ‘कॉलेजकुमार’ मानलं गेलं आणि वर्ग व्याख्यानावर चालू लागला. एकच अभ्यासक्रम या दोन जागी दोन प्रकारे शिकवला जातो. कलाशाखेची मुलं तर फार लवकर वाऱ्यावर सोडली जातात. विज्ञानाच्या मुलाला प्रयोगशाळेत तास असतो, त्याची वही असते, तिथे हात लावून पाहायला काही असतं. इतिहासाच्या मुलाला तशी हक्काची तासिका आजही वेळापत्रकात नाही. माझी नोकरीभरची तक्रार हीच आहे आणि ती मी जिथे संधी मिळेल तिथे करते.

राष्ट्रीय पातळीवर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद, म्हणजे एन.सी.ई.आर.टी., 1961 मध्ये स्थापन झाली. रोमिला थापर, बिपन चंद्र, सतीश चंद्र, रामशरण शर्मा अशा पहिल्या फळीच्या इतिहासकारांनी शाळेसाठी लिहायला घेतलं. हे फार मोठं काम होतं. विद्यापीठात ज्यांच्यासमोर उभं राहायला पोरं बिचकत, त्यांची वाक्यं अकरावीच्या मुलाच्या हाती आली. पण 1977 मध्ये दिल्लीत सरकार बदललं, पुस्तकांवर आक्षेप घेणारं एक टिपण फिरू लागलं आणि शर्मांचं ‘प्राचीन भारत’ 1978 मध्ये अभ्यासक्रमातून काढून घेण्यात आलं. तेव्हापासून आजपर्यंत दिल्लीतला वाद त्याच मुद्द्यावर फिरतोय. कोणाचं नाव ठेवायचं, कोणता राजा किती पानं, कोणती ओळ दुखावणारी. वाद दोन्ही बाजूंनी मनापासून होतात, ते व्हायलाही हवेत. मला त्यात एकच उणीव दिसते. त्या साऱ्या गदारोळात, मुलाला या पानाचं करायचं काय आहे, हा प्रश्न क्वचित ऐकू येतो.

तो प्रश्न 2005 मध्ये मध्यभागी आला. त्याआधी 1993 मध्ये यशपाल समितीनं सांगितलं होतं की दप्तराच्या वजनापेक्षा न कळण्याचं ओझं जड आहे. त्याच प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 तयार झाला, कृष्णकुमार तेव्हा एन.सी.ई.आर.टी.चे संचालक होते. अकरावी-बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते नीलाद्री भट्टाचार्य. या मंडळींनी सलग कालक्रम सोडला आणि विषय निवडले. बारावीच्या तीन भागांत मिळून पंधरा विषय, आणि प्रत्येक विषयाला एक विशिष्ट प्रकारचं साधन बांधलेलं. हडप्पासाठी उत्खननातल्या विटा आणि मणी, मध्ययुगासाठी परदेशी प्रवाशांची वर्णनं, फाळणीसाठी माणसांच्या तोंडी आठवणी, संविधानासाठी संविधानसभेतली भाषणं. मुलानं विषय वाचायचा आणि त्याबरोबर ते साधन कसं वाचायचं हेही शिकायचं. इतकी स्वच्छ रचना शाळेच्या पुस्तकात मी त्याआधी पाहिली नव्हती.

नातीगोती आणि जात या विषयासाठी त्यांनी साधन घेतलं महाभारताचं, तेही पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतून. 1919 मध्ये सुरू झालेलं आणि वि. सी. सुखटणकरांनी 1925 पासून मुख्य संपादक म्हणून उभं केलेलं ते काम 1966 मध्ये पुरं झालं. देशभरच्या लिप्यांतली हस्तलिखितं ताडून पाहून कोणता श्लोक सगळीकडे आहे आणि कोणता एखाद्याच प्रदेशात, हे ठरवण्याची ती पद्धत. ग्रंथही काळाबरोबर वाढतो, आणि तो कसा वाढला हे पुराव्यानं दाखवता येतं, हे बारावीच्या मुलाला त्यातून कळतं. हे काम लॉ कॉलेज रोडवर झालं, आणि आमच्या तालुक्यातल्या मुलांना ते दिल्लीच्या इंग्रजी पुस्तकातून सांगावं लागतं. ही पुस्तकं इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत निघतात. मराठीत नाहीत. म्हणून भाषेचा मुद्दा मी पेपरच्या बरोबरीनं मोजते.

आता सुप्याकडे येते.

एन.सी.ई.आर.टी.च्या बारावीच्या त्या इतिहासाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या भागात ‘वसाहतवाद आणि ग्रामीण भाग’ असा विषय आहे. बंगालचे जमीनदार, राजमहालच्या डोंगरातले पहाडिया आणि संथाळ, आणि तिसरी बाजू मुंबई इलाख्यातल्या दख्खनची. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी आसपासचे कुणबी जमले, बाजारपेठेतल्या सावकारांवर चालून गेले, खातेवह्या आणि कर्जरोखे मागितले आणि जाळले. काही ठिकाणी धान्याची दुकानं लुटली, घरांना आगी लागल्या. तिथून ते लोण नगर जिल्ह्यात गेलं. आमच्या वर्गातल्या पोरांना सुपे माहीत असतं ते शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे, किंवा मावशी तिथे दिली म्हणून. बारामती तालुक्यातल्या या गावावरून एस.टी. जाते. 1875 चं सुपे त्यांना शाळेत एखाद्या वाक्यात भेटलेलं असतं आणि ते वाक्य ती विसरलेली असतात.

पुस्तक राज्य मंडळाचं नसलं तरी हा विषय मी ज्यादा तासात घेते. पुस्तकातली साधनं मराठीत मी करून ठेवली आहेत. त्यांत कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या एका रयतेनं नगरच्या कलेक्टरला दिलेला अर्ज आहे. मिरजगाव म्हटल्यावर वर्ग जागा होतो, कारण कोणाचं ना कोणाचं आजोळ तिकडे असतंच. मग आम्ही हिशेब मांडतो. आपल्याकडे दामदुपटीची रूढी होती, व्याज मुदलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. शंभराचे फार तर दोनशे. 1859 मध्ये इंग्रज सरकारनं कायदा केला की कर्जरोखा तीनच वर्षं चालेल. हेतू चांगला होता, व्याज साठत जाऊ नये. सावकारानं काय केलं, तर दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली आणि थकलेलं व्याज मुदलात घातलं. वर्षाला 24 टक्के दर धरून मुलांना गणित करायला सांगते. शंभराचे तीन वर्षांनी 172. नवा रोखा 172 चा. सहा वर्षांनी जवळजवळ 296. नऊ वर्षांनी पाचशेच्या वर. दामदुपटीनं जिथे दोनशेवर थांबायचं, तिथे कायद्यामुळे पाचशे झाले. फळ्यावर हा आकडा आला की वर्गात जी शांतता होते ती मला दुसऱ्या कशानं आणता आलेली नाही. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं एक प्रकरण चौकशी आयोगाला सापडलं होतं, तेही मग त्यांना पटतं.

त्यानंतर कापूस. अमेरिकेत 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाणं थांबलं, मुंबईच्या व्यापाऱ्यांनी दख्खनमध्ये पैसा ओतला. काही गावांत कापसाच्या दर एकरामागे शंभर रुपये उचल मिळत होती. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, सावकारांनी हात आखडता घेतला, आणि नेमका त्याच सुमारास सरकारनं सारा वाढवला, काही ठिकाणी निम्म्यानं तर काही ठिकाणी दुपटीनं. सुप्याच्या बाजारातली आग कोणत्या समुद्रापलीकडून आली, हे पोरांना नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र यांची गुंफण, जी मुदलियार आयोगाला हवी होती, ती इथे आपोआप होते.

आणि मग खरा धडा. सरकारनं आयोग नेमला. रयत, सावकार आणि प्रत्यक्षदर्शी यांच्या जबान्या घेतल्या, साऱ्याचे दर, भाव, व्याजाचे दर गोळा केले. 1878 मध्ये हा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. त्यात दोष आला सावकारावर. सारावाढीवर नाही. मुलांना मी विचारते, का? आयोग कोणी नेमला होता? त्यांना कोणता निष्कर्ष सोयीचा होता? तरी याच अहवालातल्या जबान्या आपल्याला दुसरं काही सांगतात का? एका वर्षी गावातल्या व्यापारी घरातला एक मुलगा उभा राहिला. “मॅडम, दुकानदारांनी काय सांगितलं होतं ते पण वाचू या ना.” वर्गात चुळबुळ झाली. पोरांच्या मनात सावकार म्हणजे कोण हे ठरलेलं होतं आणि तो त्यांच्यातच बसत होता. त्याचं बरोबर होतं. जबानी सगळ्यांची वाचायची असते. पुढच्या तासाला आम्ही तो अर्ज पुन्हा काढला आणि तीन रकाने केले. रयत काय म्हणते, सावकाराला काय म्हणायचं असेल, सरकारनं काय म्हटलं. त्या मुलानं दुसरा रकाना इतका नेटका भरला, पाऊस न झाल्यावर सावकाराचे स्वतःचे पैसे वरच्या पेढीकडे कसे अडकतात इथपर्यंत, की बाकीच्यांनी वह्या मागितल्या. कोणी कोणाचा राग धरला नाही. सामाजिक शास्त्रं शिकवायची कशासाठी, याचं माझ्याजवळचं उत्तर तो तास आहे.

एका मुलीनं आजोबांच्या पेटीतला मोडी कागद आणला होता. कर्जरोखा असेल म्हणून सगळे उत्सुक. पुण्यातल्या एका मोडी जाणकारांना दाखवला तेव्हा ते चुलत्या-पुतण्यांचं वाटणीपत्र निघालं. मुलगी हिरमुसली नाही. त्यात तिच्या पणजीच्या वाट्याला आलेली भांडी नावानिशी लिहिलेली होती, ती यादी तिनं प्रकल्पाच्या वहीत उतरवली.

1879 चा शेतकरी कर्जनिवारण कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. इथवर यायला मला जेवढ्या तासिका लागतात, तेवढ्या राज्य मंडळाच्या नियोजनात दोन-तीन प्रकरणांना मिळून असतात. म्हणून ज्यादा तास.

राज्यशास्त्राच्या पुस्तकांत पुण्याचा वाटा थेट होता. 2006-07 मध्ये आलेल्या एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव. व्यंगचित्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं, आणि समासात उन्नी-मुन्नी नावाची दोन मुलं, जी पुस्तकालाच खोचक प्रश्न विचारतात. पुस्तकाच्या पानावरच पुस्तकाला प्रश्न करायची मुभा दिलेली होती. मला तिथे कीर्तन्यांचा वारसा दिसला. त्यातल्या अकरावीच्या संविधानाच्या पुस्तकात शंकर यांचं 1949 चं व्यंगचित्र होतं. गोगलगाईवर बसलेले बाबासाहेब, मागे नेहरू, दोघांच्या हाती चाबूक. संविधानाला जवळजवळ तीन वर्षं का लागली, हे त्यासोबतच्या मजकुरात समजावलेलं होतं. 11 मे 2012 रोजी त्यावरून संसदेत गदारोळ झाला, मंत्र्यांनी माफी मागितली, दोघा सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. नंतर सुखदेव थोरात समितीनं पुस्तकांतली बरीच व्यंगचित्रं काढायला सांगितली, समितीतले एम. एस. एस. पांडियन यांनी वेगळं मत नोंदवलं.

यावर माझं म्हणणं सरळ आहे. कार्यालय फोडणं हे बाबासाहेबांच्या वाटेनं जाणं नव्हतं. पण माझ्या वर्गातल्या ज्या मुलांच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते, त्यांना ते चित्र पाहून जे वाटलं तेही खरं होतं. ज्या मुलानं जातीवरून टोमणे खाल्लेत, त्याला आपल्या माणसावर उगारलेला चाबूक आधी दिसतो, मजकूर नंतर. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी वर्गातल्या सगळ्यात मागच्या बाकावरून ते पान पाहून घ्यायला हवं होतं, आणि पाहिल्यावरही ते चित्र ठेवायचं ठरवलं असतं तर शिक्षकाच्या हाती ते शिकवण्याची तयारी द्यायला हवी होती. ती तयारी, म्हणजे प्रशिक्षण, आपल्याकडे नेहमी शेवटी येतं आणि बहुधा निधी संपल्यावर येतं. त्या वर्षी मी व्यंगचित्रासोबत बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं संविधानसभेतलं भाषण वाचायला घेतलं. विलंबाच्या आक्षेपाला त्यांनी तिथे स्वतःच उत्तर दिलेलं आहे. दुरुस्त्यांचे आकडे, इतर देशांच्या संविधानांना लागलेला काळ, सगळं. मुलांनी ते भाषण आणि चित्र शेजारी ठेवून वाचलं. वाद झाला, आणि वर्गातच झाला.

आपल्या राज्यानंही धीट पावलं टाकली, हे सांगितलं पाहिजे. 2018 च्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात घटनांऐवजी इतिहासलेखनाची पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, ठेव्यांचं जतन अशी प्रकरणं आहेत. व्हॉल्टेअर, रांके, फुको यांची नावं बालभारतीच्या पुस्तकात, तीही मराठीत. इतिहास विषय समितीचे अध्यक्ष सदानंद मोरे होते. मला ही रचना मनापासून आवडली. पण इतिहास-राज्यशास्त्राचा दहावीचा पेपर एकत्र 40 गुणांचा. फुको कंसातून पर्याय निवडण्याच्या एका गुणाच्या प्रश्नात गेला. दहावीत इतिहासलेखन शिकून आलेल्या मुलांना मी अकरावीच्या पहिल्या तासाला जुनं वर्तमानपत्र देते आणि विचारते, याचा इतिहासासाठी काय उपयोग? ज्यांना फुकोचं नाव पाठ असतं ती गप्प राहतात. दोष त्यांचा नाही. प्रश्नपत्रिकेच्या संविधान तक्त्यात ज्या कौशल्याला गुण नाहीत, ते वर्गात शिकवलं जात नाही.

पुढे 2019 मध्ये अकरावीचं आणि 2020 मध्ये बारावीचं नवं पुस्तक आलं. बारावीचं युरोपातल्या प्रबोधनापासून निघतं आणि वसाहतवाद, मराठ्यांचा प्रतिकार, महायुद्धं, शीतयुद्ध करत बदलत्या भारतापर्यंत येतं. पुस्तक चांगलं आहे, वाचनीय आहे. मूल्यमापन 80 लेखी आणि 20 प्रकल्प-तोंडी. ते 20 गुण म्हणजे आमच्या हाती असलेली एकमेव मोकळी जागा. ते सरसकट वाटून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी पडली आहे, आणि ती फार मोठी नासाडी आहे. त्याच वीस गुणांत सुप्याचे रकाने बसतात, वाटणीपत्र बसतं.

दिल्लीत 2022 मध्ये पानं कमी करण्याच्या नावाखाली बारावीच्या इतिहासातून मुघल दरबाराच्या बखरी, वसाहतकाळातली शहरं आणि फाळणी हे तीन विषय गेले. वृत्तपत्रांत चर्चा मुघलांवर झाली. मला फाळणीचं जाणं जास्त लागलं, कारण मौखिक साधन कसं वाचायचं हे शिकवणारा तो एकटा विषय होता. मुलानं आजीची मुलाखत घ्यायची पद्धत तिथून शिकायची होती. पुढच्या वर्षी पळशीकर आणि यादवांनी बदललेल्या पुस्तकांवरून आपली नावं काढा, असं परिषदेला कळवलं.

आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं नववी ते बारावी हा एकच टप्पा धरला आहे, 2023 मध्ये राष्ट्रीय आराखडा आला, आणि 2024 मध्ये राज्याच्या आराखड्याचा मसुदा सूचनांसाठी खुला झाला. आमच्या भागातल्या काही शिक्षकांनी एकत्र बसून सूचना लिहिल्या, मसुदा माझ्या अक्षरात गेला. राजांच्या यादीबद्दल आम्ही एक अक्षर लिहिलं नाही. इतिहासाला आठवड्यातून एक जोडतासिका द्या, जिच्यात फक्त साधनं वाचली जातील. बारावीच्या पेपरात न पाहिलेला उतारा द्या, जबानी, पत्र, जाहिरात, काहीही, आणि त्याला किमान पंधरा गुण ठेवा. आणि प्रत्येक जिल्ह्यासाठी मराठीत एक साधनपुस्तिका काढा, तिथल्याच कागदांची. पुणे जिल्ह्याच्या पुस्तिकेसाठी सुप्याची पानं आम्ही सोबत जोडली आहेत, मिरजगावचा अर्ज नगरकरांसाठी वेगळा ठेवला आहे.